सिस्टर, तुमचा सीटीसी काय?

अप्रेजलचा सीझन आला की ऑफिसातली हवाच बदलते. एरवी ज्याला आपण कॅण्टीनमध्ये बसून नावं ठेवतो, त्याच बॉसला अचानक लिफ्टमध्ये ‘गुड मॉर्निंग सर’ ऐकू येऊ लागतं. जी मंडळी सहाच्या ठोक्याला लॅपटॉप मिटतात, ती साडेआठला ‘जस्ट रॅपिंग अप’ असे मेल टाकतात. आणि मग येतो तो फॉर्म. सेल्फ-अप्रेजल नावाचा! त्यात सगळे रकाने कसेबसे भरून होतात, पण एका प्रश्नापाशी भलेभले अडतात. ‘या कामातून तुम्हाला समाधान मिळतं का? कसं, ते दोनशे शब्दांत लिहा.’

दोनशे शब्द सोडा, इथे दोन सुचत नाहीत! मग आपण नेटवरून काहीतरी उचलतो, ‘टीम’, ‘लर्निंग’, ‘ग्रोथ’ असे तीन शब्द पेरतो आणि सबमिट करून मोकळे होतो.

आपल्या पिढीचा एक लाडका फंडा आहे. आधी पॅशन शोधा, पैसा मागून येईल. कॉलेजात गेस्ट लेक्चरला आलेला प्रत्येक जण हेच सांगून गेला. ऐकायला एकदम सही वाटतं. अडचण एवढीच की ज्यांच्या घरी पहिल्या महिन्यापासून पैसा लागतो, त्यांना पॅशन शोधायला सुट्टी कुठून मिळणार? आणि अशा माणसांनी काय करायचं? जन्मभर नावडतं काम रेटायचं?

मला या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर सापडलं ते माझ्या मावसबहिणीच्या फ्लॅटमध्ये. पुण्यात तिघी मुली मिळून राहतात. एक आयटीत, एक बॅंकेत आणि तिसरी एका खासगी हॉस्पिटलात सिस्टर. ही तिसरी धाराशिव जिल्ह्यातली. म्हणजे पूर्वीचं उस्मानाबाद. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना या जिल्ह्यातलं काय माहीत असतं? तुळजाभवानी, उस्मानाबादी शेळी आणि पाण्याचे टॅंकर. फार तर कुंथलगिरीचा पेढा. नीती आयोगाच्या २०१८ च्या यादीत ‘आकांक्षित’ म्हणजे मागे राहिलेले म्हणून महाराष्ट्रातले जे चार जिल्हे निघाले, त्यात नंदुरबार, गडचिरोली आणि वाशीमच्या जोडीला हे नाव होतं.

हिचं गाव लोहारा-उमरग्याकडचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्या पट्ट्यातली गावंच्या गावं आडवी झाली. नंतर नव्या जागेवर, रेघ मारल्यासारख्या सरळ रस्त्यांची गावं वसवली गेली. ही त्यानंतर दोन वर्षांनी जन्मली. त्यामुळे तिच्या लेखी गाव म्हणजे एकसारखी घरं आणि काटकोनात वळणाऱ्या गल्ल्या. ‘आमच्याकडं वेडंवाकडं काहीच नाही दादा, पाऊस सोडून,’ ती म्हणते.

घरी तीन एकर कोरडवाहू. आई-वडील, आजी, ही थोरली, पाठीवर एक बहीण आणि एक भाऊ. ही बारावी झाली २०१३ साली. तो दुष्काळाचा काळ. जनावरं छावणीत आणि माणसं टॅंकरच्या रांगेत. पुढे काय करायचं, हा प्रश्न घरात फार वेळ चर्चेला नव्हताच. डीएड केलेली मुलं गावात रिकामी बसलेली दिसत होती. इंजिनिअरिंगची फी परवडणारी नव्हती. गल्लीतली एक मुलगी नर्सिंग करून सोलापूरला लागली होती आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवत होती. झालं, ठरलं! हिने जीएनएमला ॲडमिशन घेतली. जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी. तेव्हा हा कोर्स साडेतीन वर्षांचा होता, आता तीन वर्षांचा आहे.

‘मग तुला आवड होती का गं नर्सिंगची?’ मी आपला कॉलमिस्टच्या भाबडेपणाने विचारलं.

‘आवड?’ ती हसली. ‘मला रक्त बघून चक्कर यायची. पण घरात बापाचं तोंड बघून त्याहून जास्त चक्कर यायला लागली होती.’

पहिल्या वर्षाची एक गोष्ट तिने सांगितली. प्रॅक्टिकलला मुलींनी एकमेकींच्या बोटाला टोचून हिमोग्लोबिन तपासायचं होतं. हिचं निघालं आठ पॉइंट चार. मॅडमनी विचारलं, चालताना दम लागतो का? ही म्हणाली, लागतो की, सगळ्यांनाच लागतो ना? तिच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलींचं तेच. आणि यात नवल काहीच नाही. २०१४-१५ मध्ये याच जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये १३ ते १७ वयाच्या हजारएक मुलींची पाहणी झाली होती. त्यात ८७ टक्के मुलींना ॲनिमिया निघाला. शंभरातल्या सत्याऐंशी! म्हणजे ज्या मुली उद्या दुसऱ्यांची शुश्रूषा करणार, त्यांच्या स्वतःच्याच अंगात रक्त नाही. ‘त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हे शिकणं माझ्या कामाचं आहे,’ ती म्हणाली. सुट्टीत घरी गेली ती आयर्नच्या गोळ्या घेऊनच. आईला, बहिणीला आणि कुरकुरणाऱ्या आजीलाही.

२०१७ मध्ये ती पुण्यात लागली. पहिला पगार अकरा हजार. त्यातले सहा घरी. उरलेल्या पाचात हॉस्टेल, डबा, बसचा पास. तुमच्या-माझ्या पहिल्या पगाराच्या आठवणी कशा असतात? आईला साडी, मित्रांना पार्टी, एखादा भारी मोबाइल. हिच्या पहिल्या पगारातून घरी बोअरची मोटर दुरुस्त झाली.

पुढची वर्षं अशीच. बहिणीचं लग्न, भावाचा डिप्लोमा, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधे एकदा सोयाबीन पाण्यात गेलं तेव्हाचं कर्ज. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, आठवतंय? ते टीव्हीवर बघताना आपण ‘बापरे’ म्हणून चॅनल बदललं असेल. त्या भागातल्या कित्येक घरांत त्या सुमारास एक नर्सिंगवाली पोरगी ही पिकापेक्षा भरवशाची होती.

आता मुद्द्याचं. समाधान. ते आलं कुठून?

तिच्या सांगण्यावरून मला कळलं ते असं की ते एका रात्रीत वगैरे आलं नाही. फिल्मी काही नाही. ते आलं हातात कसब येत गेलं तसतसं. पहिले सहा महिने ती नुसती घाबरलेली असायची. नंतर एक दिवस लक्षात आलं की जी शीर इतर कुणाला सापडत नाही, ती आपल्याला सापडते. केमो घेऊन घेऊन शिरा आत गेलेली म्हातारी माणसं असतात. तीन जण टोचून दमले की चौथ्या वेळी हिला बोलावतात. ही आधी त्यांचा हात कोमट पाण्याच्या पिशवीखाली ठेवते, दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलते, डोळ्यांनी नाही तर बोटाच्या टोकाने शीर चाचपते आणि कॅन्युला आत. ‘झालं आजोबा.’ ‘झालं? कळलंच नाही की.’ हे ‘कळलंच नाही की’ तिला अवॉर्डसारखं वाटतं.

दुसरं म्हणजे बेडसोर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीची कातडी जाते आणि जखम हाडापर्यंत पोचू शकते. पेशंट बेशुद्ध असतो. थॅंक यू म्हणत नाही. नातेवाईक काचेबाहेर असतात, त्यांना दिसत नाही. डॉक्टरांचा राउंड सकाळी. रात्री दोन वाजता वळवलं काय आणि नाही वळवलं काय, कुणाला पत्ता लागणार? तिचा एक पेशंट बेचाळीस दिवस बेशुद्ध होता. डिस्चार्जच्या दिवशी त्याच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. ‘त्याच्या बायकोनं मला पेढे दिले डॉक्टरांना दिले तसेच. पण मला पेढ्यापेक्षा ती पाठ बघून बरं वाटलं. ती पाठ माझी होती.’

हे वाक्य मी नंतर बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरत होतो. आपल्या कामात ‘ती पाठ माझी होती’ असं म्हणता येईल असं काय आहे? एक्सेल शीट? कुणाचं असेलही. मी टिंगल करत नाहीये.

ऑफिसवाल्यांनी नर्सिंगकडून एक गोष्ट मात्र ढापायला हरकत नाही. हँडओव्हर! आपल्याकडे माणूस राजीनामा देतो, शेवटच्या दिवशी केक कापतो आणि ‘सगळं शेअर्ड ड्राइव्हवर आहे’ म्हणून निघून जातो. तिच्याकडे दिवसातून तीनदा हँडओव्हर. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला घेऊन प्रत्येक बेडपाशी उभी राहते. याचं नाव हे, झालंय हे, सलाईन किती उरलंय, लघवी किती झाली, रात्री काय तक्रार केली, कोणता डोस द्यायचा राहिलाय, मुलगा अमेरिकेत आहे आणि सकाळी सहाला फोन करतो. सगळं तोंडी आणि लेखी. बारा तासांची नाईट करून पायांचे तुकडे पडलेले असले तरी हँडओव्हर दिल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

आणि प्रेझेण्टेशन करणाऱ्यांसाठी एक खास माहिती. जिचा वाढदिवस १२ मे हा जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल (जन्म १८२०) आपल्याला हातात दिवा घेतलेली बाई म्हणून माहीत आहे. पण ती जबरदस्त आकडेबहाद्दर होती. क्रिमियन युद्धात सैनिक गोळ्यांपेक्षा घाणीने आणि रोगराईने जास्त मेले, हे तिने १८५८ मध्ये गोल पाकळ्यांचे चार्ट काढून सरकारच्या गळी उतरवलं. आज आपण पॉवरपॉइंटमध्ये रंगीबेरंगी चार्ट टाकतो ना, त्या कुळाची ही आजी! भारतात ती कधी आली नाही, पण इथल्या आरोग्यावर तिने ढीगभर लिहिलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता.

बरं, परत धाराशिवकडे. कारण कौतुकाचं काम फक्त पुण्याच्या एसी वॉर्डात चालतं असं नाही. सोलापूर-हैदराबाद हायवेवर नळदुर्गच्या जवळ अणदूर नावाचं गाव आहे. इथला खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला आणि उरलेला नळदुर्गला मुक्काम करतो. (देवालासुद्धा दोन ठिकाणी ड्युटी!) तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्याने ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’चं काम उभं केलं. त्यांची खास कल्पना म्हणजे ‘भारतवैद्य’. गावातल्याच, फार न शिकलेल्या बायका निवडायच्या आणि त्यांना आरोग्याचं शिक्षण द्यायचं. साध्या आजारांवर औषध, बाळंतिणीची काळजी, पोराचं वजन, म्हाताऱ्यांचं बीपी. डॉक्टर गावात राहायला तयार नाही ना? मग जी गावातून कुठेच जाणार नाही, तिलाच तयार करायचं.

ही कल्पना शेजारच्या तालुक्यात आधीच रुजलेली होती. भूमच्या पलीकडे, जिल्ह्याची हद्द ओलांडली की जामखेड लागतं. तिथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी प्रकल्प सुरू केला, १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या गावआरोग्य सेविकांमध्ये अक्षरओळख नसलेल्या, दलित, नवऱ्याने टाकलेल्या कितीतरी बायका होत्या. त्यातल्याच एक मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलल्या होत्या. सभागृहातल्या झगमगत्या दिव्यांकडे बघून त्यांनी मोठ्या डॉक्टरांची तुलना झुंबराशी केली आणि स्वतःची पणतीशी. एका पणतीवरून दुसरी लावता येते, झुंबराचं तसं नाही, असा त्यांचा मुद्दा. परिषदेत असं बोलायला कुठला एमबीए शिकवतो सांगा!

माझ्या बहिणीच्या रूममेटने हे काम लहानपणी जवळून पाहिलंय. तिच्याकडे उपकेंद्राच्या नर्सबाई यायच्या. एएनएम. नियमाप्रमाणे पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि त्याची सगळी मदार या बाईंवर. लसीकरणाचा डबा खांद्याला, पायात चपला, डोक्यावर ऊन. गावात सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचे. ‘बाई आल्या’ म्हटलं की पोरं पळायची, कारण बाई म्हणजे सुई. ‘मी पण पळायचे. आता माझ्या गावातली पोरं मला बघून पळतात,’ ती म्हणाली, आणि यात तिला भयंकर अभिमान वाटत होता.

इथपर्यंत सगळं गोड गोड झालं. आता थोडं कडू.

नर्सिंगबद्दल बोलताना आपल्याला एक शब्द फार आवडतो. ‘सेवा’. हा शब्द ऐकला की मला हल्ली संशय येतो. कारण ज्या कामाला आपण सेवा म्हणतो, त्याचे पैसे द्यायला आपला हात आखडतो. आयटीवाल्याला कुणी म्हणतं का, तुमचं कोडिंग म्हणजे साक्षात सेवा, तेव्हा पगाराचं मनावर घेऊ नका? २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण बाल्कनीत थाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी कित्येक सिस्टरना घरमालकांनी खोल्या खाली करायला सांगितल्या. २०२० हे जागतिक आरोग्य संघटनेनं परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलेलं होतं, हा योगायोग तर अजबच. आशा ताईंचंही तेच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना पुरस्कार दिला आणि २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या.

पगाराचं गणित सांगतो, कारण हे आपल्याला कुणी सांगत नाही. सरकारी दवाखान्यात तिच्या पदाचं नाव ‘अधिपरिचारिका’. सातव्या वेतन आयोगात तिचं मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. खासगीत? हॉस्पिटल देईल ते. हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. जानेवारी २०१६ मध्ये कोर्टाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने स्पष्ट लिहिलं. दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतकाच. शंभरच्या वर असतील तर फार तर दहा टक्के कमी. पन्नास ते शंभर असतील तर पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी. आणि पन्नासच्या आत असतील तरी वीस हजारांच्या खाली नाही. ती लागली २०१७ मध्ये, या शिफारशींच्या नंतर. अकरा हजारांवर! अंमलबजावणी राज्यांवर सोडली की काय होतं ते यावरून कळावं.

आज आठ वर्षांनी तिला सत्तावीस मिळतात. आयसीयूत एका गंभीर पेशंटमागे एक नर्स असावी, असा निकष आहे. ती ज्या वॉर्डात आहे तिथे रात्री अठरा पेशंट आणि दोन सिस्टर. त्यातली एक डबा खायला गेली की एक.

मग ही टिकून का आहे? मी तिला सरळच विचारलं, की तुला हे घरच्यांसाठी करावं लागतंय म्हणून तू समाधानाचं नाव देतेस का? प्रश्न जरा आगाऊच होता. पण तिने मनावर घेतलं नाही. म्हणाली, ‘दादा, सुरुवातीला घरासाठीच करायले मी, खोटं कशाला बोलू. पण घरासाठी करतानाच मला हात आला. घर नसतं तर मी पहिल्याच वर्षी सोडून दिलं असतं आणि मग मला कळलंच नसतं की हे मला जमतं.’

म्हणजे बघा, आपला फंडा नेमका उलटा झाला. आपण म्हणतो, आवड असेल तर टिकाल. ती टिकली म्हणून आवड लागली. आणि टिकली ती जबाबदारीमुळे. मला हे फार पटलं. अर्थात, जबाबदारी असली की प्रत्येकालाच आवड लागते असं मुळीच नाही. तिच्याच बॅचच्या दोघी आता विमा कंपनीत क्लेम तपासतात आणि मजेत आहेत, संध्याकाळी सहाला घरी.

एमी रेझ्नेव्स्की यांचं नाव या विषयात नेहमी घेतलं जातं. त्यांनी आणि जेन डटन यांनी हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून २००१ मध्ये एक पेपर लिहिला. एकच काम, एकच पगार, पण काही जण म्हणायचे आम्ही लादी पुसतो आणि काही म्हणायचे आम्ही पेशंट बरा व्हायला हातभार लावतो. या दुसऱ्या गटातले लोक सांगितलेल्या कामापलीकडे जाऊन आपल्या मनाने काहीबाही करत. पेशंटशी बोलत, वाट चुकलेल्या नातेवाइकांना गाडीपर्यंत पोचवत. याला त्यांनी ‘जॉब क्राफ्टिंग’ असं नाव दिलं. मॅनेजमेण्टच्या ट्रेनिंगमध्ये हे हमखास सांगतात. फक्त एक गोष्ट सांगत नाहीत, की कर्मचाऱ्याने आपल्या मनाने कामाला अर्थ दिला म्हणून मॅनेजमेण्टने पगार वाढवायचा विसरू नये.

आणि कामाला अर्थ देणं कधीकधी कुठवर जातं? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा हॉस्पिटलात अंजली कुलथे ड्युटीवर होत्या, गरोदर बायकांच्या वॉर्डात. दोन अतिरेकी आवारात शिरले, गार्डना मारलं. कुलथे यांनी वॉर्डाचे दरवाजे बंद केले आणि वीस गरोदर बायकांना एका छोट्याशा पॅण्ट्रीत हलवलं. त्या गोंधळात एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या आधाराने लेबर रूमपर्यंत नेलं. पुढे कसाबविरुद्ध साक्ष दिली, तीही युनिफॉर्म घालून. डिसेंबर २०२२ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर हे सगळं बोलल्या. त्या रात्री त्या काही हिरोईनगिरी करायला आल्या नव्हत्या. नाईट ड्युटी होती, म्हणून आल्या होत्या.

नाईट ड्युटीवरून आठवलं. लग्नाचा विषय. हिच्यासाठी स्थळं येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न, पगार किती? दुसरा, नाईट करावी लागते का? एका ठिकाणी मुलाची आई म्हणाली, नोकरी करू दे की, पण रात्रीची नको. हिने शांतपणे सांगितलं, ‘काकू, माणसं रात्री पण आजारी पडतात.’ स्थळ अर्थातच गेलं. दुसऱ्या एकाने विचारलं, लग्नानंतरही माहेरी पैसे पाठवणार का? ती हो म्हणाली. तेही गेलं. ‘दोन्ही बरे गेले,’ असं तिचं मत. तिच्या वडिलांचं अजून तसं नाही. फोनवर ते विषय काढतात, ही मोटर चालू आहे का विचारते आणि विषय संपतो.

दुसऱ्या लाटेतलं, म्हणजे २०२१ च्या एप्रिलमधलं, ती फारसं बोलत नाही. एकदाच बोलली. पीपीई किटमध्ये घामाने डबडबलेली ती वॉर्डातला फोन घेऊन बेडबेडला फिरायची आणि नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल लावून द्यायची. धाराशिवकडचे एक काका होते. त्यांचं बोलणं ऐकूनच हिने ओळखलं की हे आपल्याकडचे. तिने विचारलं, ‘मामा, कुठलं गाव?’ त्यांनी सांगितलं. तिच्या गावापासून बारा किलोमीटर. त्यानंतर ते रोज ऑक्सिजनचा मास्क सरकवून तिला विचारायचे, ‘पोरी, जेवलीस का?’ ती रोज खोटंच हो म्हणायची. ते गेले. घरच्यांना शेवटचं बोलता आलं ते हिने धरलेल्या फोनवर. यानंतर ती दोन दिवस गप्प होती आणि तिसऱ्या दिवशी ड्युटीवर होती. मी त्यावर काही बोललो नाही. तुम्हीही तिच्या जागी ‘जॉब सॅटिस्फॅक्शन’ हा शब्द ठेवून बघा, कसा हास्यास्पद वाटतो ते.

आता ती तिशीत आहे. भाऊ कमवायला लागलाय, पुण्याजवळच चाकणला. घरचा भार पहिल्यांदा हलका झालाय. आणि गंमत म्हणजे आता तिला प्रश्न पडलाय, जो तुम्हाला-मला बाविसाव्या वर्षी पडला होता. मला काय करायचंय? पर्याय दोन. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्सही आहेत. तिच्या हॉस्पिटलातल्या चार जणी आणि एक ब्रदर जर्मनच्या क्लासला जातात. हीसुद्धा जाते. ड्युटीवर औषधांच्या ट्रॉलीमागे ‘डेर, डी, दास’ पुटपुटते.

दुसरा पर्याय घराकडचा. धाराशिवला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, २०२२ मध्ये सुरू झालेलं. आधी मोठं काही झालं की पेशंट सोलापूरला न्यायचा, जीप मिळाली तर. तिच्या आजोबांना तसंच नेलं होतं, ते तुळजापूरच्या पुढे गेले नाहीत. सरकारी भरती निघाली की ती फॉर्म भरते. जर्मनीत पैसा किती, ते तिला पाठ आहे. धाराशिवला पगार किती, तेही.

‘कुठं जास्त समाधान?’ मी विचारलं.

‘ते तिथं गेल्याशिवाय कसं कळंल?’

सध्या तिच्या टेबलावर जर्मनचं पुस्तक आणि भरती परीक्षेचं गाइड एकावर एक ठेवलेलं असतं. कुठलं वर आहे, ते रोज बदलतं. या आठवड्यात तिची नाईट आहे. सकाळी नऊला येऊन ती झोपते, म्हणून बहिणीच्या फ्लॅटमध्ये दुपारी बारापर्यंत मिक्सर लावायला बंदी आहे.